मनगटातली दोरी

गुरांच्या बाजारात जे काही कमावलं ते मनगटाच्या जोरावर, असं मी चारचौघांत सांगत आलो. त्याला कारण होतं. थोरल्या भावाच्या हाताखाली दलाली शिकत होतो, तेव्हा त्यानं भोकरदनच्या बाजारात सगळ्यांसमोर मला हाकलून दिलं. म्हणाला, "याच्या मनगटात काही न्हाई." त्याला अकरा वर्षं झाली. तेव्हापासून मी वेगळा आणि आमचं बोलणं बंद.

मागच्या महिन्यात मुलगी जालन्याच्या कॉलेजातून घरी आली आणि एकेकाचे हात तपासू लागली. अंगठा करंगळीला टेकवायचा, मनगट जरा आत वळवायचं. मधोमध दोरीसारखं काहीतरी वर येतं. तिचं आलं, बायकोचं आलं. माझं आलं नाही. दुसऱ्या हाताचंही नाही.

"पप्पा, तुमच्यात हा स्नायूच न्हाई!" ती खूश होऊन म्हणाली.

माझं डोकं फिरलं. "काकानं शिकवलं का हे?"

"काकाचं काय इथं? माणूस माकडासारखा झाडाला लटकायचा, त्या दिवसांतला हा स्नायू. काही जणांत जन्मापासूनच नसतो. पकड बराबर तेवढीच राहते."

"मंग मी पुढं गेलो का मागं राह्यलो?"

"पुढं-मागं काही नसतं. माणूस अजून बदलून राह्यला, एवढं खरं. पण ही दोरी जाऊन राह्यली का, ते आमच्या मॅडमलाही नक्की माहीत न्हाई."

"एक काय ते सांग ना."

"पप्पा, हा बाजार न्हाई."

बैलांच्या जाती मी डोळ्यांदेखत बदलताना पाहिल्या. पण त्यात कुठला वळू ठेवायचा ते माणूस ठरवतो. माणसाचं कोण ठरवतं? विचार करून डोकं दुखलं. त्यातून थोरला खरा ठरला की खोटा, तेही कळेना.

पुढच्या बाजारात एका बैलजोडीवर माझ्या गिऱ्हाईकाचं मन बसलं. जोडीच्या मालकाचा दलाल होता थोरला. एरवी मी असा सौदा टाळतो, त्या दिवशी टाळला नाही. आमच्याकडे तोंडानं बोलावं लागत नाही. हातांवर दस्ती, म्हणजे रुमाल, टाकायची आणि तिच्याखाली बोटं दाबून भाव सांगायचा. मी त्याचा अंगठा करंगळीकडे ढकलला आणि मनगट चाचपलं.

"अरे, हा कुठला भाव?" अकरा वर्षांनी तो बोलला.

"अंगठा करंगळीला लाव, दादा. मनगट वळव."

मी दस्ती काढली. त्याचं मनगट सपाट. दुसरंही सपाट. मुलीनं सांगितलेलं मी कसंबसं त्याला सांगितलं. तो हसेल असं वाटलं होतं, पण तो पुन्हा पुन्हा अंगठा करंगळीला लावून बघू लागला.

"मंग मी तुला तसं का बोलल्तो?" त्यानं मलाच विचारलं.

"मला काय माहीत?"

"आपल्या बापातच नसंल ते."

"बापात होतं! औत धरताना मी पाह्यलंय."

"औताला मी असायचो त्याच्यासंगं. बिलकुल नव्हतं."

"होतं!"

आवाज चढवला खरा, पण आठवू गेलो तर बापाच्या हातांची पाठच दिसत होती. मनगटाची आतली बाजू मी कधी पाहिलीच नव्हती. थोरल्यानं तरी पाहिली होती का, कुणास ठाऊक. माझं गिऱ्हाईक विचारत होतं, जोडीचं काय ठरलं, आणि आम्ही दोघं मनगटं उघडी ठेवून भांडत होतो.