काकीचं दूध

धोंडू कुस्ती मारून आला की आधी घरी जात नसे. कडावच्या देवळासमोर बक्षिसाचा नारळ फोडायचा, खोबऱ्याचे बारीक तुकडे करायचे आणि त्याला दूध घालणाऱ्या प्रत्येक दारात एकेक ठेवून यायचं. स्वतःला काही उरत नसे. "मी कुटं लढलो? तुमची म्हस लढली," असं तो म्हणे आणि बायका खूश होत.

बाप लवकर गेलेला, घरी जमीन नाही. पण जत्रेत गावाचा पैलवान हवा, म्हणून ज्यांच्या गोठ्यात दुभतं होतं ती घरं पाळीने त्याला दुधाची चरवी पाठवत. चांगुणाकाकी विधवा, तिची एकच म्हैस. महायुद्धामुळे दुधाची टंचाई होती. कर्जत स्टेशनाजवळचा हॉटेलवाला दूध विकत मागायला तिच्या दारात येऊन बसे. काकीने पाळी चुकवली नाही.

मग मुंबईचा एक ठेकेदार आला. तंबू ठोकून तिकिटावर कुस्त्या लावायचा. धोंडूला म्हणाला, "नारळावर किती दिवस लढणार, पैलवान?" धोंडूने मला विचारलं. मी त्याच गावचा, तेव्हा गावोगाव मजुरांच्या हक्कांची पत्रकं वाटत होतो. म्हणालो, अंगमेहनतीचे पैसे घेण्यात लाज नाही. आजही तेच म्हणतो.

पहिला तंबू खोपोलीला पडला. अख्खं कडाव बैलगाड्या जुंपून गेलं. समोर एक सुटलेल्या पोटाचा पैलवान. धोंडूने त्याला दोनदा घेरलं आणि तिसऱ्यांदा स्वतःच पाठीवर गेला.

कुस्ती आधीच ठरलेली असू शकते, हे आमच्या गावाच्या डोक्यात येणं शक्य नव्हतं. त्यांनी आपल्या परीने कारण शोधलं: दुधात पाणी पडलं. मग हॉटेलवाला कोणाच्या दारात बसत होता, तेही आठवलं. काकीची पाळी काढून घेतली. विहिरीवर बायका तिला पाहून रहाट सोडून बाजूला होत. "चांगुणे, म्हस तुझी का विहिरीची गं?" एकीने विचारलं, बाकीच्या हसल्या.

धोंडूला हे कळत होतं. ठेकेदाराने बजावलं होतं, तोंड उघडलंस तर पुढची कुस्ती नाही. तरी काही दिवसांनी एका सकाळी तो देवळापुढे येऊन उभा राहिला.

"काकीचं दूध चोख व्हतं. मी ठरवून पडलो. ठेकेदार बोलला, आता पड, पुढं तुला जिंकवतो."

काकी गर्दीतून पुढे आली. मला वाटलं, ती त्याच्या पाठीवरून हात फिरवील.

"इकायचंच व्हतं तर मीच हॉटेलात इकलं असतं की रं," ती म्हणाली आणि घरी गेली.

त्या दिवसापासून धोंडूच्या दारात चरवी गेली नाही; पण काकीची माफी मागायला तिच्या दारातही कोणी गेलं नाही. ठेकेदारानेही संबंध तोडले. जत्रेच्या पंचांनी ठरवलं, याला पुन्हा आखाड्यात घ्यायचं नाही. खरं बोलल्याचं एवढं फळ त्याला तीन बाजूंनी मिळालं. आता तो कर्जतला रेल्वेच्या यार्डात कोळसा भरतो.

यंदाच्या जत्रेत ठेकेदार खुर्चीवर बसला होता. गळ्यात हार, आणि जिंकणाऱ्याला नारळ त्याच्याच हातून. मी पंचांना विचारलं, पाडणारा खुर्चीवर आणि पडणारा बाहेर, हा कुठला न्याय?

"त्यांनी देवळाच्या पायऱ्या बांधून दिल्या रं," एक पंच म्हणाले. "पावण्याला असं बोलत नाय."

धोंडू दोरीपलीकडे उभा होता. नखांत कोळसा. मी त्याला म्हणालो, हे सगळं लिहिणार आहे, ठेकेदाराच्या नावानिशी.

"त्याचं नाव लिव, नायतर नको लिवू," तो आखाड्यावरची नजर न काढता म्हणाला. "दुधात पाणी नव्हतं, ते आधी लिव. म्हातारी अजून विहिरीवर एकलीच जाते."