लग्नासाठी बंद केलेलं औषध

लग्नाला निघायच्या आदल्या दिवशी आम्ही पापडासारखे बिबडे केले. सुमन, माझी बायको, ज्वारीचं पीठ थापायची, मी बिबडा उचलून खाटेवरच्या धोतरावर वाळत टाकायचो. एक माझ्या हातात फाटला. "तुमना हातले काई अक्कल शे का?" ती म्हणाली. दोघांनी मिळून केलेलं ते शेवटचं काम.

तिचा आजार दोन वर्षांचा. जळगावच्या डॉक्टरांनी सांगितलं, सिरोसिस. म्हणजे लिव्हर कडक होतं, काम सोडतं. तिने जन्मात दारूला हात लावला नव्हता. दारू न पिताही होतं, हे मला तेव्हा कळलं. गावाला अजून कळलेलं नाही.

असं लिव्हर रक्तातली घाण साफ करत नाही. अमोनिया नावाचं विष डोक्यात चढतं, माणूस बरळतं. त्याला हिपॅटिक एन्सेफॅलोपॅथी म्हणतात. मी कागदात बघून लिहितोय, बोलता येत नाही. त्यावर लॅक्टुलोज नावाचं गोड पातळ औषध असतं. त्याने दिवसातून दोन-तीनदा पातळ संडास होते आणि विष तिकडून निघून जातं. डॉक्टरांनी बजावलं होतं, "बाबा, पातळ होते म्हणून बंद करायचं नाही. तेच त्याचं काम आहे."

लग्न एरंडोलला, तिच्या भावाच्या, नानाच्या पोरीचं. सुमन म्हणाली, "औसद नको. लगनमा मी काय डबं लिसन पयत राहू?" डबा घेऊन पळणारी ती डोळ्यांसमोर आली, मी हसलो. बाटली घरीच ठेवली. दोन दिवस औषध नाही.

परत आल्यावर ती दिवसा झोपायला लागली. मला वाटलं, लग्नाचा शीण. दुसऱ्या दिवशी तिने पाण्याच्या माठात पीठ टाकलं. मी खेकसलो. तिने अनोळखी माणसाकडे बघावं तसं माझ्याकडे पाहिलं आणि विचारलं, "तुम्ही कोना घरना शेतस?" मग औषध पाजायला गेलो तर गिळेना.

धुळ्याच्या दवाखान्यात नेलं. नाना सोबत होता. डॉक्टरीण माझ्या नातीच्या वयाची. तिने सुमनचे हात समोर धरायला लावले, ते पाखरासारखे फडफडले.

"औषध रोज देत होता?"

"रोज."

"एकही डोस चुकला नाही?"

"नाही."

नाना शेजारी उभा होता. त्याच्याच घरच्या लग्नासाठी बंद केलं, हे तोंडातून निघेना.

मग त्यांनी दुसरं कारण शोधायला घेतलं. रक्त काढलं, डोक्याचा फोटो काढला. नाकातून नळी घालून तेच औषध दिलं, एनिमा दिला. मी बाहेर बाकावर बसून. तिसऱ्या दिवशी डॉक्टरीण एकटी दिसली तेव्हा खरं सांगितलं. "आधी सांगायचं ना, आजोबा," एवढंच म्हणाली. शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

चौथ्या दिवशी सुमनने डोळे उघडले. मला ओळखलं, पाणी मागितलं. मग छातीत कफ झाला, ताप चढला. सातव्या दिवशी गेली.

मी डॉक्टरणीला विचारलं, माझ्यामुळे का? ती म्हणाली, "लिव्हर फार थकलं होतं, आजोबा. पण औषध बंद करायला नको होतं." मी त्यातलं पहिलं वाक्य धरून बसायला बघतो, दुसरं मला सोडत नाही.

तुमच्या घरात असं माणूस असेल तर लाज घरी ठेवा, बाटली सोबत न्या. चुकलात तर डॉक्टरला लगेच सांगा, कोणीही शेजारी उभं असो.

अग्नी देऊन आलो. नाना आमच्या ओट्यावरून चारचौघांत म्हणाला, "सकायले धुयाले जासूत. त्या डॉक्टरीणले इचारसूत, मन्ही बहीन कशी मारी?" माणसं हो हो म्हणाली. मी उठून घरात गेलो. परत खरं लपवलं.

सकाळी नाना चार माणसं घेऊन धुळ्याला निघाला. मी दारात आडवा आलो.

"नाना, त्या पोरीना काई गुन्हा नही. औसद मी बंद करं, तुन्हा घरना लगनसाठे. दवाखानामा तुन्हासमोर खोटं बोलनू."

मला वाटलं, मारेल. त्याने चपला काढल्या आणि ओट्यावर खाली बसला.