महाराजांचे उपास

आमच्या खोलीत आठवड्याचे सातही वार कुठल्या ना कुठल्या देवाचे होते आणि ते सगळे आमच्यातला एक जण एकटाच सांभाळायचा, म्हणून त्याला सगळे महाराज म्हणत. सोमवार महादेवाचा, मंगळवार देवीचा, गुरुवार दत्ताचा, शनिवार मारुतीचा. उरलेल्या वारांसाठी तो चतुर्थी, एकादशी, प्रदोष शोधून काढी. उपासाची खिचडीसुद्धा त्याला चालत नसे. "आपला कडक हाय," म्हणायचा आणि आम्ही जेवताना समोर बसून आमच्या ताटांकडे बघत राहायचा.

भूकंपानंतर चार-पाच वर्षांनी लातूरला बारावीच्या शिकवण्यांसाठी पोरांची रीघ लागली होती. दहा बाय बाराच्या खोलीत आम्ही तिघे राहत होतो. महाराज औसा तालुक्यातला, रफीक नांदेडच्या एका शिंप्याचा मुलगा आणि मी हिमायतनगरचा. आमचं घर बौद्ध. उपासतापास घरात नव्हतेच, त्यामुळे त्यातलं खरं-खोटं मला कळत नसे. मेसच्या मावशी मात्र महाराजाला हात जोडायच्या. "एवढ्याशा वयात केवढी भक्ती! न्हाई तर तुमी दोघं. गिळायला तेवढे पुढं."

लातूरला आला तेव्हा तो चांगला गुबगुबीत होता. भूकंपात त्याची आई गेली होती. वडील त्याआधीच वारलेले. नंतर तो चुलत्यांबरोबर पत्र्याच्या शेडमध्ये वाढला. पहिल्याच आठवड्यात क्लासमधल्या एकाने त्याला विचारलं, "काय रे, मदतीच्या बिस्किटांवर फुगला काय?" सगळा वर्ग हसला. महाराजही हसला. त्याचा पहिला उपास त्यानंतरच्या सोमवारचा. हे दोन्ही मी आज जोडून सांगतो आहे. तेव्हा कुणी जोडलं नव्हतं.

स्वतःच्या अंगाची खंत तशी आम्हा तिघांनाही होती. रफीक तालमीत जायचा, कच्ची अंडी फोडून प्यायचा, तरी छाती भरलेली दिसावी म्हणून शर्टाखाली दोन बनियन घालायचा. मला गावात काडी म्हणत, म्हणून फोटो काढताना मी गाल फुगवून बसायचो. "ए काडी, वारं सुटलंय, खिडकी धरून बस," रफीक म्हणायचा. मी म्हणायचो, "तुझी छाती वाळत टाकलीस का आज?" महाराजाची थट्टा करायला जागा उरली नव्हती. दिवाळीपर्यंत त्याचा शर्ट खुंटीला टांगल्यासारखा लोंबू लागला होता. तरी आंघोळ करून आला की तो पोट चिमटीत धरून बघायचा आणि म्हणायचा, "अजून लई हाय." चिमटीत कातडीशिवाय काही नसायचं.

त्या वर्षी रमजान थंडीत आला. महाराजाने रफीकबरोबर रोजेही धरले. रफीकला कोण आनंद! एका संध्याकाळी तो आम्हा दोघांना आपल्या खालाच्या, म्हणजे मावशीच्या घरी इफ्तारला घेऊन गेला. अजान झाली. सगळ्यांनी खजूर तोंडात टाकला. महाराजाचा खजूर बोटांतच राहिला.

"बेटा, रोजा खोल," खाला म्हणाल्या.

"खातो ना, खाला."

भजी आली, फळं आली, ताटं फिरली, सगळ्यांचं खाऊन झालं. खजूर अजून बोटांतच होता. खाला रफीकला बाजूला घेऊन म्हणाल्या, "रोजा रखनेवाले बहोत देखे रे. खोलने कू डरनेवाला पैली बार देखी. इसकू दवाखाने ले जा."

दुसऱ्या दिवशी आम्ही त्याला नेलं. दवाखान्याचा जिना चढताना तो मध्येच खाली बसला. डॉक्टरांनी दाखल करून घेतलं. आम्ही त्यांना सगळं सांगितलं. ते म्हणाले, "जाड होण्याच्या भीतीनं जेवण सोडणं, हे पोरींचं ऐकलं होतं. पोरगा पहिल्यांदाच बघतोय." थोडी तरतरी आल्यावर चुलते त्याला न्यायला आले. "घरचं खाईल, सुधरंल." बसस्टँडवर महाराज मला म्हणाला, "काडी, आता निवांत जेवत जा. मी बघायला न्हाई."

परीक्षा संपल्यावर उन्हाळ्यात निरोप आला की तो झोपेतच गेला. हृदयाने साथ सोडली होती.

आम्ही दोघे भेटायला गेलो. पुनर्वसनाच्या नव्या गावात, नव्या घरात त्याच्या फोटोला हार होता आणि येणारा-जाणारा फोटोच्या पाया पडत होता. काका सांगत होते, "उपास करता करता देवाघरी गेलं लेकरू. पुण्यवान जीव."

भेटायला आलेल्या बाया उठून गेल्यावर रफीकला राहवेना. "काका, उपास नव्हता तो. त्याला जेवायचं भ्या वाटायचं. अंगाची लाज वाटायची त्याला."

"जेवायचं भ्या?" काका त्याच्याकडे बघत राहिले. "आन् लाज कशाची? शेडमधी ताट आलं की मीच म्हनायचो, खा बाबा. तुझ्या मायच्या वाटचंबी खा."

आत काकूंनी ताटं वाढली होती. पाहुण्यांना बसा म्हणायचं काकांना सुचलं नाही. शेवटी रफीकनेच त्यांचा हात धरला. "चला काका. तुमी बसल्याबिगर आमी बसत न्हाई."

ते उठले आणि आमच्या दोघांच्या मध्ये येऊन बसले. वाढायला सगळं होतं. आग्रह मात्र त्या दुपारी कुणी कुणाला केला नाही.