शेंगपेंडीचा चोर

बहात्तरचा दुष्काळ सरला आणि आमच्या वडलांना मुदतीचा ताप आला. मिरजेच्या दवाखान्यातून घरी आणलं तेव्हा नुसता सांगाडा. खाटेवरून उठवेना. डॉक्टर म्हणालेले, अंडी द्या, मटण द्या. वडील माळकरी, त्यांनी तोंडच फिरवलं. मग डॉक्टर म्हणाले, "ताजी शेंगपेंड तरी द्या. तेल निघालं तरी दाण्याची ताकद पेंडीतच राहते."

"मी काय म्हस हाय व्हय?" वडील कडाडले. अंगात जीव नव्हता, गळ्यात होता.

माझ्या बायकोनं ते ध्यानात ठेवलं. घरी आल्यावर ती म्हशीच्या पेंडीतली ताजी बघून थोडी काढायची, लसूण, मिरची, भाजलेला जवस घालून पाट्यावर वाटायची आणि सासऱ्याच्या भाकरीवर ठेवायची. "जवसाची चटणी हाय, मामंजी." अगदीच खोटं नव्हतं. जवस होता की चिमूटभर.

वडील बोटं चाटायचे. मला मात्र बायकोचा डोळ्यांनी दम, बोललात तर बघा.

हळूहळू म्हातारा काठी टेकत गोठ्यापर्यंत जायला लागला, आणि तिथंच घोळ झाला. म्हशीचं दूध आटलेलं, पेंडीचं पोतं खाली गेलेलं. "चोर हाय घरात! मुक्या जनावराच्या तोंडचं खातोय, लाज न्हाई भाड्याला!"

पोत्याजवळ खाट टाकली. हातात काठी. जेवणही तिथंच. "सूनबाई, चटणी जरा जास्त वाढ. राखण करायची हाय."

मी गोठ्यामागं जाऊन लय हसलो.

पण आता पेंड काढायची कशी? चटणी तुटली तर म्हातारा परत खाटेला खिळायचा. शेवटी बायकोनं पदर खोचला आणि त्यांच्यादेखत पोत्यात हात घातला.

"आगं, काय करतीस?"

"आवं मामंजी, चटणी संपलीया."

वडलांनी पोत्याकडं बघितलं, ताटाकडं बघितलं. म्हशीकडं काही बघवेना. काठी खाली ठेवली.

"चोर घावला," म्हणाले. "गावात बोलू नगा."

दुसऱ्या दिवशी आपल्या पायांनी तेलाच्या घाण्यावर गेले. "म्हशीला दे, आन् घरला निराळी दे. घरची ताजी दे रं. तिला कालची चालंल."

आता माझा थोरला लेक डब्यातली प्रोटीनची पावडर दुधात ढवळून पितो. म्हणतो, दाण्याची ताकद आहे यात. मी चाखली. माती.

पाटा कोपऱ्यात उभा आहे. बायको गेल्यापासून त्याला पाणी लागलं नाही. असती तर त्या पावडरीत लसूण घातला असता, आणि लेकाला म्हणाली असती, जवसाची हाय, खा गप.