पाच कोसांवरचं सत्त्व

आधी कबुली देऊन टाकते, म्हणजे पुढचं वाचताना कुणी मला शहाणी समजायला नको. कर्जतला असताना, वयाच्या अठराव्या वर्षी, घरात दोन महिन्यांची लेक असताना, मी बाळंतिणीचं सत्त्व समजून जर्मन दारूची अख्खी बाटली रिकामी केली. भर दुपारी, उभ्याने, देवाच्या कोनाड्यासमोर. गावाकडच्या भाच्यांनो, तुम्ही परळला आलात की माझ्या पाया पडता. पडा, पण हे ठाऊक असू द्या. आणि माझ्यामागून गाव सोडून ज्या इकडे आल्या, त्यांनी तर नीटच वाचा. नातीच्या पाटीवर तिच्याबरोबर बाराखडी गिरवली ती काय नुसतं वाण्याचं नाव लिहायला?

चौक गावाजवळचं आपलं खेडं सोडलं तेव्हा भाताची झोडणी उरकली होती. मला गावातल्या गावातच दिलेली, माहेर चार घरं पलीकडे. तुमच्या काकांना, म्हणजे माझ्या मालकांना, कर्जतच्या इंजिनशेडमध्ये काम लागलं होतं. घाट चढायला गाडीला जादा इंजिन लागतं, त्या इंजिनांची पुसापुशी करायची आणि कोळसा भरायचा. मला तिसरा महिना. निघताना आईच्या पाया पडायला गेले, तर ती जात्यावरून उठली नाही. खुंटा फिरवत राहिली आणि म्हणाली, "रेल्वेच्या टाकीचं पानी पिलेलं पोर मी मांडीवर घ्यायची नाय. आत्ताच सांगून ठेवते."

तिचंही खरं होतं म्हणा. टाकी एक आणि पाणी भरणारे अठरापगड, हे तिला चौकातल्या गाडीवानांनी रंगवून सांगितलं होतं. आणि मी? मी काय कमी? म्हटलं, "नको घेऊस! इंजिन घेईल मांडीवर!" केवढी हुशार ना? डोक्यावर बोचकं घेऊन तरातरा पुढे चालत राहिले. वेशीपर्यंत मागे वळून पाहिलं नाही, आणि वेशीपुढे पाहिलं तेव्हा पाहण्यासारखं कुणी नव्हतं.

गावापासून कर्जत पाच कोस. सकाळी भाकरी बांधून निघालं की दुपारी पोचावं. पण मी विलायतेला गेल्यासारखी झाले. पत्र्याचं क्वार्टर, दर शिटीला भांडी थरथरायची, धुणं वाळत घातलं की कोळशाची कणी बसायची. पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं, ते तिथे झालं. शेजारणींनी केलं, मायेने केलं. पण लेकीला दूध पुरेना.

सत्त्व पाहिजे, हे मलाही कळत होतं. नाचणी भिजवायची, फडक्यात बांधून मोड आणायचे, सावलीत वाळवायची, मंद भाजायची, दळून वस्त्रगाळ करायची. आमच्या घरी हे काम आईचं. मला कधी हात लावू दिला नाही. "तुझ्या हाताला घाई हाय," म्हणायची. मी स्वतः करून पाहिलं. पहिल्या वेळी मोडांना बुरशी आली, दुसऱ्या वेळी भाजताना करपली. माझी सखू दिवसेंदिवस हलकी होत चालली. तिचं रडणं आधी मोठं होतं, मग बारीक झालं. बारीक झालं त्याची जास्त भीती वाटे.

सव्वा महिना झाल्यावर मी शेडच्या साहेबाच्या बंगल्यावर भांडी घासायला जाऊ लागले. साहेब इंग्रज, मडम जर्मन. तीही बाळंतीण. तिच्यासाठी मुंबईहून गवतात गुंडाळलेल्या बाटल्या यायच्या. त्या टोपलीत घालून विहिरीत सोडायच्या आणि दुपारी एक वर काढायची, हे माझं काम. मडम एक पेला प्यायची आणि मग लेकराला घ्यायची. तिचं लेकरू असं गुबगुबीत, की मला त्याच्याकडे बघवत नसे.

एक दिवस तो पेला धुवायला घेतला आणि नाकाशी वास आला. हात थांबले. मोड आलेलं धान्य भाजल्याचा वास. आमच्या चुलीचा, आईच्या पदराचा. तळाशी राहिलेला थेंब बोटाने चाटला आणि मी मोरीत बसून रडले. मनात एकच आलं: हिच्या आईने हिला सातासमुद्रापारून सत्त्व पाठवलंय.

दुसऱ्या दिवशी पदराखाली बाटली घरी आणली. चोरीच ती, तिला दुसरं नाव नाही. बूच कोयत्याच्या टोकाने उपटलं तर आतून फेस उसळला. मी घाबरले, आणि वाया जाऊ नये म्हणून तोंडच लावलं.

आता चव सांगते, कारण पुढे आयुष्यभर मी ती जिभेवर शोधत आले आहे. रंग काळा वाटतो, पण उन्हात धरला की आतून कोकमाच्या आगळासारखा तांबूस. फेस ताकावरच्यासारखा, रंगाने मात्र बदामी. पहिला घोट गोड, काकवीचा गोडवा, पण चिकट नाही. त्यामागून भाजलेल्या नाचणीची खरपूस चव, मग तव्याला लागलेल्या भाकरीचा पापुद्रा. घोट उतरल्यावर जिभेच्या मुळाशी कडू, काडेचिराइतासारखं, पण तेवढं उद्धट नाही. शेवटी छातीत सुंठ घेतल्यासारखी ऊब. मी म्हटलं, बघा, औषधी आहे! ऊब लागली की गुण येतो! असं म्हणत म्हणत शहाणीने तळ गाठला.

मग भिंती हलायला लागल्या. मला वाटलं, मालगाडी आली. गाडी काही जाईना. मी खाली बसले, हसू लागले. सखू रडत होती. मला ऐकू येत होतं, पण तिच्यापर्यंत हात पोचत नव्हता. ती वीतभर जागा आठवली की आजही माझं हसू संपतं.

आणि दारात आई उभी.

तुमच्या काकांनी मला न सांगता चौकाच्या एका गाडीवानाबरोबर निरोप धाडला होता. पाच कोस चालून आली होती, पाय चिखलाने माखलेले, काखेत गाठोडं. तिने आत पाहिलं: लेक जमिनीवर, तोंडाला दारूचा वास, नात उपाशी. रेल्वेच्या लोकांबद्दल जे जे ऐकलं होतं ते सगळं खरं ठरलेलं. ती उंबऱ्याबाहेरच थांबली. परत फिरली असती तर मी तिला दोष दिला नसता.

मी उठू शकले नाही, पण जीभ उठली. "आये, तिच्या आयनं पाठवलंय गं. सातासमुद्रापारनं! तू पाच कोसांवरनं नाय पाठवलंस."

आई उंबरा ओलांडून आत आली. गाठोडं ठेवलं, टाकीच्या पाण्याच्या हंड्यातून तांब्या भरला, हात धुतले, दोन घोट स्वतः प्यायली. मग सखूला उचलून मांडीवर घेतलं. गाठोड्यात सत्त्व होतं. चूल पेटवून, गूळ घालून त्याची पातळ पेज केली आणि मला लहान मुलीसारखी चमच्याने भरवली.

पंधरा दिवस राहिली. पाचव्या दिवशी दूध उतरलं. पण त्याआधी, दुसऱ्याच दिवशी, मला हाताला धरून बंगल्यावर नेलं, चोरी कबूल करायला लावली आणि भरपाई म्हणून सत्त्वाची वाटी मडमपुढे ठेवली. मडमने वाटी चाटूनपुसून खाल्ली. मोडक्या हिंदीत म्हणाली, हमारे मुलुक में साधू लोग उपास में ये जौ का दारू पीता. बंगल्यावरून परतताना आई एवढंच बोलली, "बरा उपास हाय."

पुढे तुमच्या काकांची बदली परळला झाली. आई गेली तेव्हा निरोप पोचेपर्यंत तिसरा दिवस उजाडला होता. गावच्या घरात आता जातं आहे, खुंटा नाही. तुम्ही विचारता, मावशी, तुला घर कुठलं वाटतं? गाव, कर्जत की परळ? परवा नातवाने गोदीवरून तसलीच एक काळी बाटली आणली. मी चमचाभर घेतली. काकवी, खरपूस नाचणी, करपट पापुद्रा, कडू, ऊब, सगळं जागच्या जागी. तेवढा घोट उतरेपर्यंत मी घरी होते. बस, माझं घर आता तेवढंच लांब आहे.

एक सांगायचं राहिलं. त्या दुपारी मला भरवून झाल्यावर, सखू तिच्या मांडीवर झोपल्यावर, आईने ती रिकामी बाटली उचलली. हुंगली. तळाचा थेंब तळहातावर घेऊन चाटला. जन्मात ताडीला न शिवलेली बाई. बराच वेळ तो थेंब तोंडात धरून बसली. मग माझ्याकडे न बघता म्हणाली:

"दाना आपला नाय, पर सत्त्वच हाय हे, येडे. लेकीपतूर पोचायला लय दिस लागलं, म्हनून आंबलंय."