नारळ हातात घेऊन ठरलेलं भाडं

"आज काय लिवलंस रे, कारकुना?"

ट्रकचं इंजिन बंद व्हायच्या आधीच हा प्रश्न खिडकीतून बाहेर पडायचा. त्याच्या मागून एक दणकट केसाळ हात, आणि हाताच्या मागून तो. सगळी अलिबाग-पेण वाट त्याला नुसतं 'डायवर' म्हणायची. रस्त्यावर पन्नास ड्रायव्हर होते, पण 'डायवर' म्हटलं की हाच.

मी तेव्हा कार्ले खिंडीच्या पायथ्याशी, पोयनाडच्या बाजूला, डिझेलच्या पंपावर कारकून होतो. पंप म्हणजे आजच्यासारखा नव्हे. हाताने दांडा हलवायचा, वरच्या काचेच्या नळ्यात डिझेल चढायचं, मग ते टाकीत सोडायचं. शेजारी एक काळा फळा होता. त्यावर गॅलनचा भाव मी खडूने लिहीत असे. आता तुम्हीच सांगा, भाव वाढवणारे कुठे दूर बसलेले. ते कुणाला दिसत नसत. दिसत असे तो खडू हातात धरलेला मी! त्यामुळे ड्रायव्हर मंडळींच्या शिव्यांचा पहिला मान माझा. मलाही त्यात मजा येई. खोटं कशाला सांगू, नवा भाव लिहायचा असला की मी आधी घसा खाकरायचो, फळा पुसायचो आणि एकेक आकडा असा सावकाश काढायचो, की चार ट्रक थांबून बघत राहायचे.

डायवरचा ट्रक स्वतःचा होता. भल्या पहाटे रेवदंड्याला कोळणी आपल्या मासळीच्या पाट्या त्यात चढवीत आणि पाट्यांबरोबर स्वतःही चढत. चौल, अलिबाग, मग खिंड ओलांडून पेणचा बाजार. भाडं पाटीमागे चार आणे. ते ठरायचं नारळी पौर्णिमेला, बंदरावर. एका बाजूला कोळणी, दुसऱ्या बाजूला डायवर, आणि दोघांचे हात एकाच नारळावर. नारळ फुटला की भाडं पक्कं, पावसाच्या तोंडाशी होड्या पुन्हा किनाऱ्याला ओढेपर्यंत. कागद नाही, सही नाही. त्या रस्त्यावर कुठल्याही करारापेक्षा हे घट्ट होतं.

आणि त्याच हंगामात, नारळ फुटून तीन महिने झाले नाहीत तोच, सुवेझचा कालवा बंद पडला आणि डिझेलचा भाव चढला.

मी पेपर वाचणारा एकटाच. मग काय, सगळ्या रस्त्याला जग समजावून सांगायची जबाबदारी माझ्यावर! पंपाच्या ओट्यावर मी खडूने आफ्रिका काढली. ग्रीसचा रिकामा डबा म्हणजे तेलाचं जहाज. "हे बघा, मंडळी, सरळ वाट बंद. आता जहाज असं खाली, असं वळसा घालून, असं वर." डबा मी गुडघ्यांवर रांगत फिरवला. ड्रायव्हर टाळ्या पिटत होते.

डायवर मात्र कमरेवर हात ठेवून आफ्रिका बघत राहिला. मग म्हणाला, "त्याला लांबून यावं लागतंय म्हणून तो भाव वाढवतो. बरं. मना गेल्या भादव्यात पूल खचला म्हणून महिनाभर लांबून जावं लागलं. मना कोणी वाढवून दिलं?"

"तू कोळणींना मागायचं होतंस, दादा."

"नारळ फोडलेला हाय." एवढंच बोलून तो ट्रकवर चढला.

कोळणींना भाव कळला नव्हता असं समजू नका. त्यांच्यात हौसाबाय म्हणून एक होती. ट्रकमध्ये सगळ्यांत पुढे, केबिनच्या पाठीला टेकून तिची जागा, आणि केबिनच्या मागच्या झरोक्यातून तिची जीभ सतत आत. डायवरशी भांडणं हा तिचा प्रवासातला विरंगुळा होता. एके दिवशी ट्रक पंपावर उभा असताना ती वरूनच गरजली, "अरे डायवर, दोन आणे वाढव की! आमची कोलबी महाग झाली तर आम्ही गिऱ्हाइकाच्या तोंडावर सांगतो. तू काय लाजतोस नव्या नवरीवानी?"

बाकीच्या कोळणी हसल्या. "व्हय व्हय, दे वाढवून. आम्ही दुसरा नारळ आणतो!"

"नारळ काय शेंगदाणा हाय, रोज फोडायला?" डायवर म्हणाला. "चार आणे बोललो ना? चार आणे. पुढच्या पुनवेला बघू."

"मेला हट्टी!" हौसाबाय म्हणाली. पण तिच्या आवाजात अभिमान होता. तो मला ऐकू आला, म्हणून सांगतो.

आता एक धंद्यातली गोष्ट सांगायला हवी. खिंडीचा उतार लागला की काही ड्रायव्हर इंजिन बंद करून गाडी सोडून देत. तेवढंच डिझेल वाचतं. पण इंजिन बंद असलं की ब्रेकला जोर मिळत नाही. एकदा दाबा, लागतो. दुसऱ्यांदा दाबा, जेमतेम लागतो. तिसऱ्यांदा पाय दगडावर मारल्यासारखा. डायवरला या लोकांचा भयंकर राग. "उतारावर बैलाची वेसण सोडतं का कोणी?" तो विचारायचा. "उतारावरच तर धरायची!"

पौष गेला, माघ आला. माझ्या लक्षात आलं, की डायवरचा ट्रक आठवड्याला पूर्वीपेक्षा कमी डिझेल घेतो. फेऱ्या तेवढ्याच, पाट्या तेवढ्याच. मला उलगडायला फार वेळ लागला नाही. अहो, पायथ्याशीच तर बसलो होतो मी! त्याच्या ट्रकची घरघर पूर्वी खिंडीच्या माथ्यापासून ऐकू यायची. आता ट्रक शेवटच्या वळणावर एकदम उगवायचा. मुका.

एखाद्या शहाण्या माणसाने त्याला बाजूला घेऊन चार शब्द सुनावले असते. मी काय केलं? मी फळ्यावर, भावाच्या खाली, सुंदर वळणदार अक्षरात लिहिलं: 'डिझेल कसे वाचवावे ते डायवरांना विचारा.' आणि चार ट्रक उभे असताना ते मोठ्याने वाचून दाखवलं, हात पसरून. ड्रायव्हर खो खो हसले. "अरे, वेसण सोडली वाटतं!" कोणीतरी ओरडलं.

डायवर आधी लाल झाला. मान खाली घालून टाकीचं झाकण लावत राहिला. मग त्यालाही हसू फुटलं. "काय करणार," तो मला हळूच म्हणाला, "होड्या ओढेपर्यंतच." त्याला वाटलं, मी माफ केलं. आणि मला वाटलं, काय झकास विनोद केला!

वैशाखात कालवा उघडल्याची बातमी आली. डायवरने ट्रकमधून उडीच मारली. "उघडला ना? मग कमी लिव!"

"मला वरून कमी सांगितलं नाही, दादा. आता म्हणे कर आहे."

"म्हंजे बंद झाला तेव्हा कालव्यामुळे, आणि उघडला तेव्हा करामुळे?" तो माझ्याकडे बघत राहिला. चिडला नाही. त्या दिवशी तो पहिल्यांदा दमलेला दिसला. "जाऊ दे. पंधरा दिवस राहिले."

चौथ्या दिवशी, सकाळी सातच्या सुमाराला, मी खिंडीतून बायकांच्या किंकाळ्या ऐकल्या.

मी धावत वर गेलो. शेवटून दुसऱ्या वळणावर गवताच्या तीन बैलगाड्या वर चढत होत्या. डायवरने त्या पाहिल्या, ब्रेक दाबला, पुन्हा दाबला, आणि तिसऱ्यांदा काही लागलं नाही. गाड्या चुकवायला त्याने ट्रक डोंगराच्या अंगाला घातला. ट्रक कलंडला. कोळणी गटारात फेकल्या गेल्या. कुणाचा हात मोडला, कुणाचं डोकं फुटलं. रस्ताभर कोलबी आणि बोंबील. हौसाबाय केबिनला टेकून बसली होती, ती ट्रकखाली सापडली.

डायवर रस्त्यात बसला होता. अंगावर खरचटलेलंसुद्धा नव्हतं. उजवा पाय पुढे करून तो जमीन दाबत होता. दाबत होता, सोडत होता, पुन्हा दाबत होता.

"लागला न्हाय रे," तो म्हणाला. "लागला न्हाय."

पोलीस यायच्या आधी मी खाली पंपावर जाऊन फळ्यावरची ती ओळ बाहीने पुसली. हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही.

वकिलाने त्याला पढवलं होतं, ब्रेक नादुरुस्त होता म्हण. कोर्टात विचारल्यावर तो म्हणाला, "ब्रेक चांगला होता. इंजिन मी बंद केलेलं." त्याला काही महिन्यांची सजा झाली, लायसन गेलं, ट्रक गेला. सुटून आल्यावर तो आधी रेवदंड्याला हौसाबायच्या घरी गेला आणि अंगणात बसून राहिला. तिची म्हातारी सासू बाहेर आली. तिने शिवी दिली नाही, शाप दिला नाही. एवढंच म्हणाली, "दोन आणे घेतले असतेस, बाबा."

त्यानंतर तो खिंडीच्या माथ्यावर उभा राहू लागला. रोज सकाळी, मासळीचे ट्रक यायच्या वेळेला. हात आडवा करून ट्रक थांबवायचा आणि म्हणायचा, "इंजिन चालू ठेव. बायका हायत मागे." कुणी उलट बोललं नाही. सगळे म्हणत, "व्हय दादा, व्हय," आणि इंजिन घरघरवीत निघत. खाली बसून मला तो आवाज ऐकू यायचा. आणि पहिलं वळण ओलांडून डायवर दिसेनासा झाला, की तो आवाज तुटायचा.

तीनेक वर्षं हे चाललं. भाव आणखी दोनदा चढला. एक दिवस ऊन डोक्यावर आल्यावर तो खिंड उतरून पंपावर आला. फार वाळला होता. ओट्यावर टेकला, पाणी प्याला.

"कारकुना, तुला म्हायती असेल. हे लोक आता डिझेल जास्त भरतात का? आधीपेक्षा?"

त्याला काय विचारायचं होतं, ते मला कळलं. इंजिन चालू ठेवून उतरत असतील, तर डिझेल जास्त लागणारच. पण माझ्या पंपावर कुठलाही ट्रक एक थेंब जास्त घेत नव्हता.

जन्मभर मी लोकांपुढे सोंगं आणली. त्या दिवशी डोळ्याला डोळा भिडवून, आवाज जराही हलू न देता, मी म्हणालो, "पुष्कळ जास्त भरतात, दादा. माझा मालक खूश आहे."



"जलू दे," तो म्हणाला. "जलू दे मग, किती जलायचं ते."

श्रावणात तो गेला. नारळी पौर्णिमा झाली, होड्या समुद्रात गेल्या, मासळीचे ट्रक सुरू झाले. पहिल्या दिवशी सकाळी मी सवयीने कान देऊन बसलो. माथ्यावरून घरघर आली नाही. शेवटच्या वळणावर एक ट्रक एकदम दिसला, मागे बायका, पाट्या, बोलणं, हसणं. त्यांचं हसणं मला अगदी स्पष्ट ऐकू आलं, कारण दुसरा आवाजच नव्हता.