पाणी मारलेला कापूस अन् अर्धं प्रवचन

आता हसायचंच असंन तं आधीच हसून घ्या! कारण भर अमरावतीच्या बाजारात मी माह्या हातानं माह्याच तोंडाले काळं फासलं, त्याची हे गोठ हाय.

ते दिवस आठवतात ना? तिकडं अमेरिकेत लढाई जुंपली, अन् इकडं वऱ्हाडातल्या कापसाले असा भाव आला का लोक गादीतला कापूस उपसून विकायले निघाले! मी अडत्या. मी कावून मागं राहू? गोदामाचं दार लावलं अन् गठाणी बांधायच्या आधी कापसावर पाणी मारायले लावलं. वजन वाढते ना! मारणारा आमचा हमाल गणबा, बारा वर्षांपासून माह्याजवळचा. सांगणारा मी.

एक दिवस निंबाखाली एक गोरा पादरीबुवा प्रवचन देऊन राहिला होता. सावली चांगली दिसली म्हणून मी उभा राहिलो, मागं गणबा. पादरी सांगे, फार जुन्या काळी एका संदेष्ट्यानं सांगून ठेवलं का एक सेवक येईल. लोक त्याले तुच्छ मानतील. दुसऱ्याइचं पाप तो आपल्या अंगावर घेईल, मार खाईल, पण कोकरासारखा गप राहील.

अरे बापा! असा नोकर कुठं भेटते हो?

तेवढ्यात दर्यापूरच्या गाड्या आल्या अन् मी सटकलो. पुढं काय सांगितलं, कोणाले माहीत? माह्या कामाचं होतं तेवढं मी ऐकलं होतं.

चार दिवसांनी बोंब उठली, कापूस तपासणारा साहेब येऊन राहिला! ओल्या मालाचा धनी सापडला का त्याची भर बाजारात फजिती. वाळवायले वेळ नाही, लपवायले जागा नाही.

मी गणबाले समोर बसवलं. डोळ्यात पाणी आणलं. (हो, तिथं बी पाणीच!) म्हणलं, "गणबा, ऐकलं ना त्या दिवशी? केवढा थोर सेवक! सगळ्याइचं पाप एकट्यानं घेतलं. साहेबानं विचारलं तं तू बी घे. मान खाली, तोंड बंद."

"हाव मालक," गणबा म्हणे, "लय मोठी गोठ हाय ते."

मी खूश! त्या दिवशी दोन घास जास्तच जेवलो.

साहेब आला. गठाणीत कोपरापर्यंत हात घातला अन् ओला बाहेर काढला. "हे कोणाचं काम?"

मी लगेच बोट दाखवलं. गणबानं मान खाली घातली. मनात म्हणलं, शाबास रे माह्या कोकरा!

अन् कोकरानं तोंड उघडलं.

"साहेब, पाणी म्याच मारलं, मालकानं सांगितलं म्हणून. पाप अंगावर घे, असं बी मालकच म्हणे. पण मालक प्रवचनातून अर्ध्यातच उठून गेलते. मी शेवटपर्यंत होतो. पादरीबुवानं मंग उलगडून सांगितलं का तो सेवक म्हणजे येशू. नोकर नाही साहेब, खुद्द मालक! मालकानंच नोकराइचं पाप आपल्यावर घेतलं." मंग माह्याकडं वळून हात जोडले, "घ्या ना मालक!"

"अबे, तुले गप राहायले सांगितलं होतं ना!" मी ओरडलो.

झालं! आपल्याच तोंडानं कबूल! साहेब असा हसला का त्याची टोपी पडली. मंग टोपी झटकून म्हणाला, "सगळा कापूस बाजारात पसरा आणि वाळवा. मालकाने एकट्याने. हमालाने हात लावायचा नाही."

चैताचं ऊन! तीन दिवस मी भर चौकात कापूस पसरून राहिलो. अख्खा बाजार पाहायले. डोक्यात कापूस, मिशीत कापूस. तोंड उघडलं का घशात कापूस, म्हणून मी मुकाट. गणबा निंबाच्या सावलीत.

तिसऱ्या दिवशी तोच पादरीबुवा तिथून चालला होता. मले पाहून थबकला. गणबाले विचारते, "अरेरे! एवढे लोक हसताहेत, आणि हा बिचारा शब्द न काढता सोसतो आहे. कोणासाठी?"

"कोणासाठी नाही, बुवा," गणबा म्हणे. "त्याचं पाप त्यालेच पुरून राहिलं."